पहिल्या वर्षाला कोणती प्रोग्रॅमिंग भाषा? आधी दुसरी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाची फेरआखणी चालू आहे आणि पहिल्या वर्षाच्या भाषेवरून विभागात तीन तट पडलेत. एका गटाचं म्हणणं, सीशिवाय पाया पक्का होत नाही. दुसऱ्याला जावा हवी, कारण ऑब्जेक्ट्स लवकर शिकवायचे आहेत. तिसरा म्हणतो, पायथन घ्या आणि मोकळे व्हा. सोबत दोन उपप्रश्न आहेत: सगळी वर्षं एकच भाषा चालवावी का, आणि नोकरीच्या बाजारात काय चालतं याला किती वजन द्यावं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिल्या सेमिस्टरला पायथन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या सेमिस्टरला सी, आणि या दोहोंमधला सांधा कोण, कोणत्या आठवड्यात, कसा बांधणार ते आजच कागदावर लिहिलेलं हवं. या उत्तरातली पहिली भाषा तुम्ही बदललीत तरी माझी फारशी तक्रार नाही. सांध्याचा भाग गाळलात, तर मात्र भाषा कुठलीही घ्या, पुढच्या वर्षांत शिकवणाऱ्याच्या गळ्यात ती धोंड पडणार. मी पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग आणि तिसऱ्या वर्षाचं ऑपरेटिंग सिस्टिम्स असे दोन्ही विषय बरीच वर्षं शिकवले आहेत. पहिल्या वर्षी केलेली उधारी तिसऱ्या वर्षी व्याजासकट कशी वसूल होते, ते त्यामुळे जवळून पाहायला मिळालं.

आधी एक आशा बाजूला ठेवावी लागेल. भाषा बदलली की निकाल सुधारेल, असं बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. वॉटसन आणि ली या दोघांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ देशांतल्या ५१ संस्थांमधल्या १६१ प्रास्ताविक कोर्सेसची आकडेवारी तपासली होती. उत्तीर्ण होण्याचं सरासरी प्रमाण निघालं ६७.७ टक्के. भाषेनुसार त्यात म्हणावा असा फरक आढळला नाही, आणि वर्षं उलटली तशी सुधारणाही दिसली नाही. त्याच्या बरंच आधी, २००१ मध्ये, मॅक्‌क्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना साध्या कॅल्क्युलेटरच्या धर्तीचा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. म्हणजे तिघांतलं एखादं मूल नापास होणं, किंवा पास झालेल्यांनाही कोऱ्या स्क्रीनसमोर काही न सुचणं, हा आजार जुना आहे आणि भाषेच्या गोळीने तो बरा होत नाही.

मग भाषेने काय फरक पडतो? पडतो तो दोन ठिकाणी. चूक झाली की भाषा बोलते की गप्प बसते, हे एक. आणि यंत्रातली कोणती गोष्ट ती झाकून ठेवते, हे दुसरं.

पहिली गोष्ट एका अगदी किरकोळ प्रॅक्टिकलवर दाखवतो. वापरणाऱ्याला आधी वय विचारायचं, मग पूर्ण नाव विचारायचं, आणि ‘पुढच्या वर्षी तुम्ही इतक्या वर्षांचे व्हाल’ असं छापायचं. पहिल्या पंधरवड्यात कुठल्याही लॅबमध्ये देतात तसलंच काम.

पायथनमध्ये मुलगा वय वाचतो, त्यात १ मिळवतो आणि प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. वाचलेली गोष्ट अक्षरांची माळ आहे आणि तिच्यात आकडा मिळवता येत नाही, असं ओळ क्रमांकासकट सांगतो. मुलगा वैतागतो, पण काय बिघडलं ते त्याच ओळीवर असतं. तेवढ्यावरून पायथनला डोक्यावर घेऊ नका. ‘वयाची दुप्पट छापा’ असं सांगितलं असतं, तर १९ चे १९१९ झाले असते आणि भाषेने हूं की चूं केलं नसतं.

जावामध्ये वय पूर्णांक म्हणून वाचलं जातं, ते ठीक. लगेच पुढची ओळ म्हणून नाव वाचायला जावं, तर नाव रिकामं येतं. आकड्यानंतर दाबलेला एंटर इनपुटमध्ये पडून राहिलेला असतो आणि नाव वाचणारी ओळ तोच गिळते. एरर नाही, इशारा नाही. मुलगी पंधरा मिनिटं स्वतःच्या बिनचूक कोडकडे टक लावून बसते. हे तिला समजावायचं तर इनपुट बफर म्हणजे काय, तिथून सुरुवात करावी लागते, आणि लूप तर अजून यायचाय.

सीमध्ये एंटरची तीच भानगड आहेच. शिवाय वय वाचताना व्हेरिएबलच्या आधी अँपरसँड (&) लिहायचा राहिला, की प्रोग्रॅम कोसळेल किंवा भलत्याच जागी लिहील. नावासाठी किती अक्षरांचा ॲरे (ओळीने मांडलेली मेमरीतली घरं) लागेल ते आधी ठरवायला हवं. नाव नेहमीच्या सोप्या पद्धतीने वाचलं तर पहिल्या स्पेसपाशी तुटतं आणि आडनाव गायब होतं. ॲरे छोटा पडला तर आडनावाची शेवटची अक्षरं कुणाच्या तरी जागेत जाऊन बसतात. यातली प्रत्येक गोष्ट शिकण्याजोगी आहे, याबद्दल दुमत नाही. पण ज्याला असाइनमेंटचं बरोबरचिन्ह आणि गणितातलं बरोबरचिन्ह यांतला फरक अजून पचायचाय, त्याच्यापुढे ती सगळी एकाच तासात येऊन पडतात.

बेनेडिक्ट किंवा बेन या नावाने ओळखले जाणारे ड्यू बूले यांनी १९८० च्या दशकात एक कल्पना मांडली, तिचा या वादात फार उपयोग होतो. विद्यार्थ्याच्या डोक्यात एक कल्पित यंत्र असतं: व्हेरिएबल म्हणजे काय, ओळी कोणत्या क्रमाने चालतात, फंक्शनला बोलावलं की काय होतं. खऱ्या प्रोसेसरशी ते तंतोतंत जुळायची गरज नसते, पण आपल्या भाषेपुरतं ते सुसंगत हवं. शिकवणं म्हणजे बऱ्याच अंशी हे यंत्र घडवणं. तेव्हा ‘सोपी भाषा कोणती’ हा प्रश्न सोडून द्या. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी मुलाच्या डोक्यात कोणतं यंत्र हवंय, आणि दुसऱ्याच्या शेवटी कोणतं, ते बैठकीत ठरवा. भाषा त्यातून आपोआप निघते.

या कसोटीवर सी पाहू. सीचं यंत्र खऱ्या मशीनच्या सगळ्यात जवळचं, म्हणून जुने प्राध्यापक तिच्यावर जीव टाकतात, आणि त्यात तथ्य आहे. पण नवख्यासाठी सी हे बोलकं यंत्र नाही. पाच घरांचा ॲरे घ्या, आणि त्याच्या सगळ्या घरांत शून्य भरणाऱ्या लूपमध्ये ‘पाचपेक्षा कमी’च्या जागी ‘पाच किंवा कमी’ लिहा. सहावं घर अस्तित्वातच नाही, तरी सी तिथे शून्य लिहिते. कधी काहीच होत नाही. कधी शेजारच्या व्हेरिएबलची किंमत बदलते. आणि तो शेजारी लूपचा काउंटरच निघाला, तर काउंटर पुन्हा शून्य होतो आणि लूप संपतच नाही. मुलगा लूपची अट शंभरदा तपासतो. अटीत एका चिन्हाची चूक आहे खरी, पण समोर दिसणाऱ्या लक्षणाचा तिच्याशी काही संबंध त्याला लागत नाही. त्यातून त्याचं डोक्यातलं यंत्र सुधारण्याऐवजी बिघडतं. मशीन लहरी आहे, ओळी इकडच्या तिकडे केल्या की कधीकधी चालतं, अशी त्याची समजूत होते. ही समजूत एकदा बसली की काढायला वर्ष जातं.

तरीही पहिल्या वर्षाला सीच हवी असेल, तर ती तशीच्या तशी घेऊ नका. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स सीवर उभा आहे. पण त्याची सुरुवात स्क्रॅच या ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या भाषेने होते, आणि सीमध्ये शिरल्यावर पहिले काही आठवडे विद्यार्थ्याला कोर्सची स्वतःची लायब्ररी मिळते. अक्षरांची माळ वाचायचं, पूर्णांक वाचायचं काम तिची फंक्शन्स करतात. पुढे पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) शिकवताना त्या पडद्याआड काय होतं ते उघड केलं जातं. कार्नेगी मेलनने याहून पुढे जाऊन सी-झिरो नावाची सीची छोटी आणि सुरक्षित आवृत्तीच बनवली. तिच्यात ॲरेबाहेर गेलात की प्रोग्रॅम तिथेच थांबतो, आणि फंक्शनच्या आधी काय खरं असायला हवं, नंतर काय खरं असेल, हे कोडमध्येच लिहिता येतं. कोर्सच्या शेवटाकडे मुलं खऱ्या सीमध्ये जातात. तुमच्याकडे नवी भाषा घडवायला माणसं नसतील, पण लायब्ररीची शंभर ओळींची एक फाइल कुणीही लिहू शकतो. आणि कंपायलर आजचा घ्या, सगळ्या वॉर्निंग्ज चालू ठेवा, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या अशा चुका पकडणारं साधन) लावा. वर सांगितलेली सहाव्या घराची चूक मग पहिल्याच फटक्यात ओळ क्रमांकासह पकडली जाते. दोन-तीन दशकांपूर्वीचा कंपायलर आणि त्याच्याच खास हेडर फाइल्स अजून लॅबमध्ये चालवायच्या, आणि पोरांना सी येत नाही म्हणून कपाळ बडवायचं, हे मला पटत नाही.

जावाबद्दल थोडक्यात. एक ओळ छापायला क्लास, मेथड, स्टॅटिक, ॲरे एवढ्या गोष्टी लिहाव्या लागायच्या आणि ‘हे नंतर कळेल, सध्या असंच लिहा’ म्हणावं लागायचं, ही तक्रार जुनी. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये ती बरीचशी मिटली आहे: क्लासचा सांगाडा न लिहिता नुसती मुख्य मेथड लिहून फाइल चालवता येते. तेव्हा जावा नाकारायची तर ती जुन्या कारणावरून नाकारू नका. जावाची खरी किंमत तिच्या टाइप्समध्ये आहे, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे अक्षरं हे आधीच लिहून देण्यात. वीस-पंचवीस जणांच्या गटाला मोठा प्रोजेक्ट करायचा असेल, कुणी काय द्यायचं आणि काय घ्यायचं हे कंपायलरनेच तपासायचं असेल, तर तिचा काटेकोरपणा उपकारक ठरतो. पहिल्या सेमिस्टरच्या तीस-चाळीस ओळींच्या प्रोग्रॅमना त्याचा लाभ मिळत नाही, फक्त जाच होतो. ऑब्जेक्ट्स पहिल्या दिवसापासून की नंतर, या वादात मी पडत नाही. चांगला शिक्षक दोन्ही बाजूंनी शिकवून दाखवतो.

वाक्यरचनेचा मुद्दा मात्र काहींना वाटतो तितका क्षुल्लक नाही. स्टेफिक आणि सीबर्ट यांनी २०१३ मध्ये एक मजेदार तुलना प्रसिद्ध केली. त्यांनी एक भाषा अशी घेतली, जिच्यातले शब्द आणि चिन्हं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. नवख्यांची अचूकता पाहिली, तर जावा आणि पर्ल यांच्या वाक्यरचनेने त्या यादृच्छिक भाषेवर म्हणण्यासारखी आघाडी घेतली नाही. पायथन, रुबी आणि त्यांची स्वतःची क्वोरम या भाषांनी घेतली. कंस आणि अर्धविराम आपल्या हातात इतके मुरलेले असतात की नव्या माणसाला ती चिन्हं कशी दिसत असतील याची आपल्याला कल्पनाच उरत नाही.

आता पायथन. मी ते सुचवतोय, म्हणून त्याच्या उधारीबद्दल जास्त बोलायला हवं. २०१४ मध्ये फिलिप ग्वो यांनी अमेरिकेतल्या आघाडीच्या ३९ संगणक विभागांची पाहणी केली, तेव्हा २७ विभाग प्रास्ताविक कोर्समध्ये पायथन शिकवत होते. त्यानंतर वारं आणखीच तिकडे वाहतंय. एरर मेसेजही सुधारलेत. ऑक्टोबर २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून कंस बंद करायचा राहिला तर तो कोणत्या ओळीवर उघडला होता ते पायथन सांगतं. आधी भलत्याच, पुढच्या ओळीकडे बोट दाखवायचं. पहिल्या महिन्यातला लॅबमधला निम्मा गोंधळ यानेच कमी होतो.

पण पायथन तीन गोष्टी झाकतं, आणि तिन्हींची वसुली पुढे होते.

पहिली, रेफरन्स. तीन बाय तीनचा फुलीगोळ्याचा पट बनवायला सांगा. हुशार मुलगा तीन शून्यांची एक रांग बनवतो आणि तिला तीनने गुणून मोकळा होतो. छापून पाहिलं तर पट सुरेख दिसतो. मधल्या रांगेच्या मधल्या घरात फुली टाकतो, आणि उभ्या मधल्या ओळीत तीन फुल्या येतात. रांग एकच आहे, तिच्याकडे बोटं तीन आहेत. ‘पायथनमधला बग सापडला’ म्हणून मुलं धावत येतात ती बहुधा इथेच. हा प्रसंग टाळू नका, मुद्दाम घडवून आणा, आणि फळ्यावर चौकोन-बाण काढून दाखवा. पायथन ट्यूटर नावाचं साधन हेच चित्र ओळीगणिक स्क्रीनवर काढतं. ज्याने हे बाण स्वतःच्या हाताने काढले आहेत, त्याला पुढच्या सेमिस्टरला पॉइंटर हा शब्द नवा असतो, कल्पना नसते.

दुसरी गोष्ट, खर्च. ही मला सगळ्यात जास्त छळते. ‘हा आकडा लिस्टमध्ये आहे का’ हे पायथनमध्ये दोन अक्षरांच्या एका शब्दात विचारता येतं. वाचायला गोड, आणि लिस्ट पाच घरांची असेपर्यंत फुकट. मग डेटा स्ट्रक्चर्सच्या कोर्समध्ये एक लाख आकड्यांतून दुबार आलेले शोधायचे असतात. मुलगी लूपमध्ये हाच प्रश्न विचारते, नवा आकडा असेल तर लिस्टला जोडते. सगळे आकडे वेगवेगळे निघाले, तर जवळपास ५०० कोटी तुलना होतात आणि प्रोग्रॅम मिनिटामागून मिनिटं चालत राहतो. तिला एकच लूप दिसतो. दुसरा त्या दोन अक्षरांत लपलाय. लिस्टच्या जागी सेट घेतला की तेच काम क्षणात होतं, पण का होतं हे पायथन स्वतःहून सांगत नाही. लिस्टच्या सुरुवातीचं घर काढून टाकणं, लिस्टचा तुकडा कापणं, लूपमध्ये अक्षरांच्या माळा जोडत जाणं, सगळ्यांचं असंच. सीमध्ये हा दुसरा लूप स्वतः लिहावा लागतो, त्यामुळे तो डोळ्यांना खुपतो. पायथनवर डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्यांना माझं एक सांगणं असतं: लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल, हीप हे सगळं आधी स्वतः बांधायला लावा, आणि तयार लिस्टवर तोवर बंदी घाला. नाहीतर कोर्स लायब्ररी वापरण्याचा होतो.

तिसरी गोष्ट टाइप्स. फंक्शन एकदा आकडा देतं, एकदा काहीच देत नाही, आणि बिंग फुटतं ते भलत्याच फाइलमध्ये. पहिल्या सेमिस्टरच्या उत्तरार्धापासून टाइपच्या सूचना लिहायला लावल्या की हे बरंच आवरतं. यावर जास्त लिहीत नाही.

फंक्शनल भाषांचा (ज्यांत सगळं काम फंक्शन्स जोडून होतं) तट तुमच्या विभागात नाही असं दिसतं, तरी त्यांचा उल्लेख हवा. एडिंबरामध्ये पहिल्या वर्षाला हास्केल शिकवतात, केंब्रिजमध्ये ओकॅमल. २००१ मध्ये टेक्सास विद्यापीठाने प्रास्ताविक कोर्समधून हास्केल काढून जावा आणायचं ठरवलं, तेव्हा तिथले नामवंत संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी निवृत्तीनंतरही विद्यापीठाच्या अंदाजपत्रक समितीला विरोधाचं पत्र लिहिलं होतं. प्रोग्रॅमिंग म्हणजे आपल्याला वाटतं त्याहून बरंच काही आहे, हे हास्केलमुळे मुलांना लगेच कळतं, हा त्यातला एक मुद्दा. दुसरा फायदा मला व्यवहारात दिसतो: शाळेतच प्रोग्रॅमिंग शिकून आलेल्या मुलांची मिजास पहिल्याच आठवड्यात उतरते आणि वर्ग एका पातळीवर येतो. रॅकेट या आणखी एका फंक्शनल भाषेत तर नवख्यांसाठी पायऱ्यापायऱ्यांच्या भाषा आहेत. पहिल्या पायरीवर जे शिकवलेलं नाही ते चालतच नाही, त्यामुळे एरर मेसेजही मुलाला माहीत असलेल्या शब्दांतच येतात. कल्पना म्हणून मला ही सगळ्यात आवडते. पण लॅबमध्ये फिरणाऱ्या साहाय्यकांपैकी निम्म्यांना तरी ती भाषा अंगवळणी पडलेली नसेल, तर या वाटेला जाऊ नका. मुलं अडतात तेव्हा तुम्ही शेजारी नसता, साहाय्यक असतो.

बाजाराचं वजन? पहिल्या भाषेपुरतं जवळपास शून्य. आज प्रवेश घेतलेला मुलगा नोकरीला लागेल तेव्हा तिथे काय चालत असेल ते तुम्हाला आणि मला माहीत नाही. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठीची ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटची संगणक परीक्षा १९८४ मध्ये पास्कलवर सुरू झाली, १९९९ मध्ये सी प्लस प्लसवर गेली आणि २००३-०४ च्या वर्षात जावावर आली. पास्कल तर निक्लाउस विर्थ यांनी शिकवण्यासाठीच घडवलं होतं, १९७० मध्ये. उत्तम भाषा होती. आज ती शिकवणारा विभाग शोधावा लागेल. पण पास्कलवर नीट शिकलेल्यांचं काही बिघडलं नाही, कारण त्यांच्याकडून पुढे दोन-तीन भाषा करून घेतल्या गेल्या. पालक किंवा व्यवस्थापन बाजाराचा मुद्दा रेटत असतील, तर शेवटच्या दोन वर्षांतल्या ऐच्छिक विषयांत बाजारातलं हवं ते ठेवा. तिथे ते शोभतं.

त्यातूनच दुसऱ्या उपप्रश्नाचं उत्तर येतं: सगळी वर्षं एकच भाषा ठेवू नका. एकाच भाषेत रमलेला विद्यार्थी भाषेच्या सवयींनाच संगणकशास्त्र समजू लागतो. बर्कलीची पहिली तीन कोर्सेस या बाबतीत पाहण्याजोगी आहेत. पहिल्यात पायथन, आणि त्यातच स्कीम भाषेचा इंटरप्रीटर मुलांकडून लिहून घेतात. दुसऱ्यात डेटा स्ट्रक्चर्ससाठी जावा. तिसऱ्यात सी आणि रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेची असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळची भाषा. प्रत्येक पायरीवर एक पडदा उघडतो. तुम्हाला हाच क्रम घ्यायची गरज नाही, पण आमच्या कोर्समध्ये कोणता पडदा उघडायचा हे प्रत्येक शिक्षकाला माहीत हवं.

सांधा बांधायचा म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. पायथनच्या सेमिस्टरचे शेवटचे दोन-तीन आठवडे नवं काही शिकवू नका. आधीच सोडवलेल्या प्रोग्रॅमचा मेमरीचा आराखडा काढायला लावा: फंक्शनला बोलावलं की स्टॅकवर (चालू फंक्शन्सच्या मेमरीच्या चळतीवर) काय येतं, परत आलं की काय जातं. मग सीच्या पहिल्या पंधरवड्यात नवे प्रश्न देऊ नका, तेच जुने प्रोग्रॅम सीमध्ये लिहून घ्या. प्रश्न ओळखीचा असला की सगळं लक्ष भाषेतल्या फरकावर राहतं.

या काळात सगळ्यात फसवं असतं ते दिसायला सारखं आणि वागायला वेगळं. नवीन दिसणाऱ्या गोष्टीला मुलगा सावध असतो. सारख्या दिसणाऱ्या गोष्टीत तो डोळे झाकून शिरतो. ७ भागिले २ पायथनमध्ये साडेतीन, सीमध्ये तीन. उणे सातला दोनने भागून उरणारी बाकी पायथनमध्ये १, सीमध्ये उणे १. पायथनमध्ये एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली की दोघांची लिस्ट एकच. सीमध्ये एक स्ट्रक्चर दुसऱ्याला दिलं की नक्कल होते. माझा आवडता प्रयोग फॅक्टोरिअलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) आहे. दोन्ही भाषांत तोच लूप लिहायचा आणि १ पासून १५ पर्यंतची उत्तरं शेजारीशेजारी छापायची. १२ पर्यंत दोन्ही रकाने जुळतात. १३ ला पायथन ६२२७०२०८०० सांगतं. सीचा साधा पूर्णांक ३२ बिटांचा, म्हणजे २१४७४८३६४७ च्या पलीकडे तो जात नाही, आणि बहुतेक मशीन्सवर सी सांगते १९३२०५३५०४. आकडा धन आहे, मोठा आहे, खरा वाटतो. पायथनचा रकाना शेजारी नसता तर कुणालाही शंका आली नसती. त्या तासाला पूर्णांकांची रुंदी, ओव्हरफ्लो (त्या रुंदीत न मावणारा आकडा) आणि पायथन मोठे आकडे कसे सांभाळत असेल, हे तिन्ही प्रश्न मुलंच विचारतात.

भाषेला कुंपण घाला, हेही सांगायला हवं. कुठलीही भाषा अख्खी शिकवायची नसते. पहिल्या सेमिस्टरला पायथनमधलं काय वापरायचं आणि काय नाही याचं एक पान काढा आणि परीक्षेत त्याच पानाला बांधील राहा. ते पान नसेल, तर कुणी इंटरनेटवरून उचललेली एका ओळीची करामत पेपरात लिहितो, आणि तपासणाऱ्याला गुण द्यावेत की नाही कळत नाही. आवृत्ती कोणती तेही त्याच पानावर लिहा. पायथन २ आणि ३ यांच्यातली दरी २००८ पासून १ जानेवारी २०२० ला जुन्याचा आधार संपेपर्यंत उघडी होती. तेवढ्या काळात लॅबमध्ये एक आणि घरी दुसरी आवृत्ती असल्याने किती सबमिशन्स वाया गेली असतील, देव जाणे.

कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण बैठकीत तो निघेलच. ‘एआयला न येणारी भाषा निवडू’ असं कुणी सुचवलं तर वेळ घालवू नका. पहिल्या वर्षाच्या पातळीवर अशी भाषा उरलेली नाही. त्याऐवजी गुणांची विभागणी बदला. कोड वाचून कागदावर चालवून दाखवणं, उलटसुलट दिलेल्या ओळी योग्य क्रमाने लावणं, दिलेल्या चालत्या प्रोग्रॅममधली एक चूक शोधून ती का चूक आहे ते तोंडी सांगणं, यांना लेखी कोडइतकंच वजन द्या. इथे भाषेचा एक बारीक मुद्दा येतो: कागदावर ओळीगणिक चालवायला साध्या पायथनचं आणि साध्या सीचं छोटं उपांग दोन्ही बरे. अनेक क्लासांत विखुरलेला जावाचा प्रोग्रॅम कागदावर चालवणं जिकिरीचं जातं.

तुमच्या बाजूची एक अडचण मला इथून दिसत नाही. दुसरा कोर्स कुणाच्या हातात आहे? तो तुमच्याच विभागातला असेल, तर वरचं सगळं लागू आहे. तो दुसऱ्या शाखेच्या ताब्यात असेल आणि ते ‘मुलांना पॉइंटर येतात’ असं धरून चालणार असतील, तर पहिल्याच सेमिस्टरच्या शेवटच्या चार आठवड्यांत सी आणा, जमेल तेवढी. त्यासाठी पायथनमधलं फाइल हाताळणं आणि क्लास गाळावे लागले तरी चालतील. ते पुस्तक वाचून शिकता येतात.

बदल करायचा ठरला, तर तो सगळ्या सेमिस्टर्सना एकाच वेळी करू नका. यंदा आत आलेली तुकडी नव्या क्रमाने जाईल, आधीची जुन्याच क्रमाने बाहेर पडेल. म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्याला एका वर्षी सी येणारा वर्ग मिळेल आणि पुढच्या वर्षी पायथन येणारा. त्याला हे आज सांगा, आणि नव्या असाइनमेंट्स तयार करायला एक सेमिस्टर त्याचा भार हलका करा. राहिलेले विषय सोडवणाऱ्या मुलांसाठी जुन्या भाषेतला पेपर आणि जुन्या भाषेतलं प्रॅक्टिकल निदान दोन वर्षं चालू ठेवावं लागेल, लॅबमधल्या मशीन्सवर तो कंपायलरही. याची तरतूद बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी ते कुणाच्याच लक्षात नसतं.